धृपद धरा, पाव्हणं

चपला इथेच, वेशीपाशी काढून ठेवा. पुढचा चिखल घोट्याच्या वर येतो आणि त्यात रुतलेली चप्पल उपसायला तुम्ही वाकलात, तर मागची सगळी रांग अंगावर येईल. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून घ्या. होय, तुम्ही धोतरात आहात. अंगात जाडीभरडी पैरण आहे, डोक्यावर घोंगडीची खोळ आहे, आणि ती पावसानं इतकी जड झाली आहे की मान आपोआप खाली जाते. ओल्या लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास नाकातून जाता जात नाही. दोन दिवसांत तो तुमचाच वास होईल, काळजी करू नका.

तुम्ही नव्वदेक वर्षं मागे आला आहात. गाव ओतूर, तालुका जुन्नर, महिना श्रावण. माळशेजकडचे डोंगर ढगात गेलेत. शेतात बाजरी कमरेला लागली आहे, बांधावर तेरड्यानं रंग धरलाय. विजेचा खांब नाही, भोंगा नाही. त्यामुळे कान आपोआप लांबवर पोचतात. आधी मांडवी नदीचं गढूळ पाणी ऐकू येतं. मग त्या पाण्यावरून, दोन शेतं पलीकडून, टाळांचा आवाज येतो. एकदोन टाळांचा नव्हे. इतक्या टाळांचा की वेगवेगळे ठोके कळत नाहीत, नुसती एक लखलख कानात शिरते.

“कुन्या गावचं पाव्हनं?” शेजारून चालणारा म्हातारा विचारतो. तुम्ही काय सांगावं या विचारात असता, पण त्याला उत्तर नकोच असतं. “सप्त्याला आलाय न्हवं? मंग चला की बिगीबिगी. हरिपाठ सरला. कीर्तन उभं ऱ्हाईल आता.”

अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस, सात रात्री, आणि त्यात एकही घटका अशी नाही की कुठे ना कुठे कोणीतरी गात नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, उन्हं कलताना प्रवचन, मग हरिपाठ, रात्री कीर्तन, कीर्तनानंतर जागर, आणि जागर संपायच्या आत पुन्हा काकडा. तुम्ही सातव्या दिवशी संध्याकाळी आला आहात. चांगली वेळ साधलीत. पहिल्या दिवशी आवाज नवे असतात आणि एकमेकांना बिचकतात. सातव्या दिवसापर्यंत सगळे घसे सोलून निघालेले असतात आणि त्यातून जो आवाज येतो, तो कोणा एकाचा राहिलेला नसतो.

वाटेवर दिंड्या मिळत जातात. रोहोकडीची येते, डिंगोऱ्याची येते, उदापूरची येते. प्रत्येक गावाची चाल थोडी वेगळी आहे आणि प्रत्येक गावाला आपलीच खरी वाटते. एक दिंडी मात्र सगळ्यांत दमलेली दिसते. पायांना चिखलाचे मोजे, डोक्यावर पानांची इरली, पताका भिजून काठीला चिकटलेली. ही माणसं घोड नदीच्या काठच्या आंबेगावाहून निघाली आहेत. घोड, मीना, कुकडी, वाटेतलं प्रत्येक पाणी ओलांडत आली आहेत, आणि श्रावणातल्या नद्या कोणाला सहजी वाट देत नाहीत. त्यांच्यातल्या एकाचा हात धरून तुम्ही ओढा पार करता. तळहात खरखरीत, बोटांना हिरड्याचा तुरट वास. त्याला तुम्ही काही सांगू नका. त्याचं गाव पुढे डिंभ्याच्या धरणाखाली जाईल, तालुक्याला फक्त नाव उरेल, हे त्याच्या कानावर घालायची ही वेळ नाही. आत्ता त्याच्या गावात घरं आहेत, घरांत टाळ आहेत, आणि ते टाळ तो काखेत धरून, पदराखाली पोर झाकावं तसे घोंगडीखाली झाकून घेऊन आला आहे.

नदीकाठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आणि तिथेच बाबाजी चैतन्यांची समाधी. परंपरा सांगते की याच बाबाजींनी तुकोबांना स्वप्नात येऊन मंत्र दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. रामकृष्णहरि. महाराष्ट्रातलं कुठलंही वारकरी कीर्तन ज्या तीन नावांनी सुरू होतं, ती नावं देणारा माणूस या मातीत आहे. हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे, आणि म्हणून इथे ती नावं जरा घरच्यासारखी घेतली जातात. मोठ्यानं, हक्कानं.

देवळात श्रावणी सोमवारच्या गर्दीचा माग अजून आहे. सोमवारी इथे कोरड्या तांदळाच्या पिंडी उभारतात, पहिल्या सोमवारी एक आणि मग सोमवारागणिक वाढत्या, आणि त्या बघायला सगळा पट्टा लोटतो. त्या गर्दीनं तुडवलेली बेलाची पानं अजून चिखलात मिसळलेली आहेत. तुम्ही आत पाऊल टाकता आणि अंगावर ऊब आदळते. बाहेर पावसानं हुडहुडी भरली होती, इथे इतक्या ओल्या माणसांच्या अंगातून वाफ निघते आहे. कापूर, बुक्का, तुळस, गॅसबत्तीच्या रॉकेलचा उग्र दर्प, घाम. गॅसबत्त्या सूं सूं करत जळताहेत. त्यांच्याभोवती पावसाळी किडे घिरट्या घालतात आणि कधीकधी गाणाऱ्याच्या उघड्या तोंडात जातात. तो गिळतो आणि गात राहतो.

मध्ये, सगळ्यांच्या मागे, एक माणूस वीणा गळ्यात घालून उभा आहे. तो काहीच करत नाही असं तुम्हाला वाटेल. तारेवर बोट फिरवतो, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतात. पण हा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. सप्ताह बसला तेव्हा ही वीणा गळ्यात पडली आणि ती सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. पहारे ठरलेले आहेत. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात, मध्ये दोघं एकमेकांच्या पाया पडतात. ज्याच्याकडे वीणा आहे त्याच्या पाया सगळेच पडतात, मग तो सावकार असो की त्याचा सालगडी.

आता रांगा बघा. दोन्ही बाजूंना टाळकरी उभे राहताहेत आणि ही गर्दी कोणी निवडून लावलेली नाही. ज्याला टाळ धरता येतो त्यानं उभं राहायचं. तुमच्या डावीकडचा कुणबी आहे, सकाळी त्यानं खुरपणी केली, नखांत माती आहे. त्याच्या पलीकडचा कोष्टी असेल, सुतार असेल. त्या कोपऱ्यात जरा वेगळ्या टोप्यांचे पाचसहाजण दिसतात ना, ते मुंबईकर. मुंबईत कारकुनांच्या आणि गिरणी कामगारांच्या जेवणाचे डबे डोक्यावर वाहणारी माणसं याच पट्ट्यातली. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. वर्षभर ती डब्यांची खोकी घेऊन लोकलच्या मागे धावतात आणि रात्री चाळीच्या खोलीत भजनाला बसतात. कोणी पुण्यापर्यंत गाडीनं आला, कोणी कल्याणकडून माळशेज पायी चढला. त्यांच्या ठेक्यात शहराची घाई आहे. गावची म्हातारी माणसं त्यांना डोळ्यांनीच दटावतात: दमानं.

आणि ती पोरं. पुढच्या ओळीत, पांढऱ्या धोतरात, डोक्याचे चकोट केलेले, बारापासून सोळा वर्षांची. ती आळंदीची. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथली ही विद्यार्थी मंडळी. चार वर्षं शिकायचं, मधुकरी मागून जेवायचं, ज्ञानेश्वरी, गाथा, चाली पाठ करायच्या आणि असा सप्ताह कुठे बसला की कीर्तनकार महाराजांबरोबर तिथे जाऊन उभं राहायचं. शाळा तीच आणि परीक्षाही तीच. त्यांच्यातला सगळ्यांत लहान तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो, तुमच्या रिकाम्या हातांकडे बघतो आणि एक टाळजोड तुमच्या पुढ्यात धरतो.

“घ्या.”

तुम्ही म्हणता, मला येत नाही.

“येतं,” तो म्हणतो. “सगळ्यांना येतं.”

दोरी बोटांभोवती गुंडाळून घ्या. टाळ वाटतो त्याहून जड आहे आणि थंडगार. आपटू नका. एकावर एक सरकवून, कडेनं मारायचा आणि लगेच मोकळा सोडायचा, म्हणजे तो बोलतो. दाबून धरलात तर नुसता खट्ट वाजेल आणि सगळी रांग वळून बघेल.

उजवीकडे पखवाज जुळवणं चाललंय. श्रावणाच्या हवेत कातडं सैल पडतं. मृदंगाचार्य हातोडीनं गठ्ठे ठोकून वाद्या ताणतो, कान लावून ऐकतो, पुन्हा ठोकतो. मग कणकेचा ओला गोळा डाव्या तोंडावर थापतो, बोटानं कडा सारख्या करतो आणि एकच थाप देतो. ती थाप कानाला नव्हे, पोटाला लागते. बसलेल्या बाया सावरून बसतात. पोरं गप्प होतात. कीर्तन उभं राहिलं.

कीर्तनकार महाराज फार उंच नाहीत. अंगावर उपरणं, डोक्याला फेटा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. आयुष्य यातच घातलेला माणूस. त्यांचा हा उद्योग आहे म्हणावं तर ते त्याचे पैसे घेत नाहीत. कीर्तन करावं त्या गावी अन्नही घेऊ नये असं तुकोबांनी बजावून ठेवलंय आणि हे महाराज ते पाळणारे आहेत. दुपारपासून पोटात फक्त पाणी आहे. ते हात जोडतात, वीणेच्या तारेकडे कान देतात आणि तीन नावं उचलतात. इतक्या हळू की मागच्यांना ऐकू येत नाही.

मागच्यांना ऐकू यायची गरजही नाही. पुढच्या पोरांनी ती नावं घेतली, त्यांच्याकडून रांगेनं घेतली, रांगेकडून बसलेल्यांनी घेतली, आणि दारातल्या माणसानं घेतली तेव्हा महाराज दुसऱ्या आवर्तनात पोचले होते. भोंगा नसलेल्या काळात आवाज असाच देवळाच्या टोकापर्यंत पोचतो. माणसांच्या तोंडातोंडी. आज तुमच्याकडे ध्वनिक्षेपक आहे, एकाचा आवाज हजारांना पुरतो आणि हजारजण गप्प बसतात. इथे एकाचा आवाज पुरत नाही, म्हणून प्रत्येकाला गावंच लागतं. मला विचाराल तर ही अडचण नव्हतीच.

अभंग सुरू होतो. महाराज पहिलं चरण म्हणतात, त्यातला धृपदाचा भाग वर उचलून धरतात आणि हात आडवा करतात. तो हात म्हणजे आज्ञा: घ्या. रांगा धृपद घेतात. पुन्हा. पुन्हा. तुम्ही ओठ हलवता, आवाज काढत नाही. शेजारच्या पोराला ते लगेच कळतं.

“धृपद धरा, पाव्हणं,” तो कुजबुजतो. “नुसतं तोंड हलवलं तर वजन माझ्यावर येतं.”

वजन! तुम्ही गाता. पहिल्यांदा आवाज फाटतो, वर पोचत नाही. वारकरी चाल बरीचशी वरच्या पट्टीत राहते, घशाच्या नव्हे, बेंबीच्या जोरावर. पण गंमत अशी की तुमचा फाटका आवाज कोणालाच ऐकू येत नाही. तुम्हालाही नाही. तो निघतो आणि डावीकडच्या कुणब्याच्या जाड्याभरड्या स्वरात आणि उजवीकडच्या पोराच्या कोवळ्या, सप्तकभर वरच्या स्वरात विरून जातो. युरोपातल्या चर्चमध्ये मुलं एक ओळ धरतात, पुरुष दुसरी, आणि त्या ओळी एकमेकींशी जुळवून रचलेल्या असतात. इथे ओळ एकच. सगळ्यांनी तीच गायची, आणि तरी ती एक राहत नाही, कारण प्रत्येक घशाचं गाव वेगळं आहे. उदापूरवाला शेवटचं अक्षर ओढतो, मुंबईकर तोडतो, आळंदीचं पोर त्यावर हरकत घेतं. वर सगळं मिळून जे तयार होतं त्याला कडा नाहीत.

महाराज निरूपण करू लागतात तेव्हा टाळ थांबतात. तुम्ही श्वास घेता, घाम पुसता. ते ज्ञानेश्वरीतली ओवी घेतात, तिच्यातून एकनाथांकडे जातात, मध्येच पेरणीचं, बैलाचं, सासरी निघालेल्या मुलीचं उदाहरण देतात आणि बायकांच्या बाजूनं पदर डोळ्यांना लागतात. मग बोलता बोलता त्यांचा आवाज चढतो, शब्द लयीत यायला लागतात, पखवाजाची बोटं हळूच सुरू होतात. तुम्हाला कळतही नाही कधी बोलणं संपलं आणि गाणं लागलं. हात आडवा होतो. घ्या!

मुरलेला गवय्या इथेच ओळखू येतो. आळंदीहून महाराजांबरोबर आलेला गायक आहे ना तो, फेटेवाला, त्याचा गळा असा की तो एकटा तासभर गायला तरी कोणी हलणार नाही. तो आलाप घेतो, वर जातो, तिथे ठरतो, सगळं देऊळ श्वास रोखतं. आणि बरोबर त्या क्षणी, वाहवा मिळायच्या आधी, तो धृपदावर उतरतो आणि मागे सरतो. ज्याला येतं त्यानं वाट मोकळी करून द्यायची, हीच इथली विद्या. तुकोबांबरोबर चौदा टाळकरी उभे राहत, असं परंपरा सांगते. त्यातला मोठा गवई कोण, याची चर्चा कधी कोणी केलेली मी तरी ऐकली नाही.

लय वाढते. आता पावली. एक पाय पुढे, एक मागे, मग दोन्ही पायांनी उचल. तुम्ही चुकीच्या पायानं निघता आणि कुणब्याच्या अंगठ्यावर पडता. तो हसतो, तुमची कोपर धरतो, नीट पाय देतो. रांगा समोरासमोर येतात, भिडतात, फिरतात. ओल्या फरशीवर शेकडो अनवाणी तळवे एकदम पडतात आणि फरशी खालून बोलते. उष्णता आता असह्य आहे. पैरण पाठीला चिकटली आहे, टाळाची दोरी बोटात रुतली आहे, घसा कोरडा आहे आणि थांबावंसं मुळीच वाटत नाही. कोणीतरी तांब्या पुढे करतो, दोन घोट पाणी, पुन्हा टाळ.

आणि तेव्हा तुम्हाला तो आवाज ऐकू येतो.

तो आतून येत नाही. भिंतीपलीकडून, पावसातून येतो. धृपद संपत आलं की सगळ्यांच्या वर, स्वच्छ, सुरेल, एक टोक काढून तो पुन्हा आत सोडतो. तुम्ही दारातून वाकून बघता. बाहेर, पारापलीकडे, गोणपाटाच्या खोळी घेतलेली माणसं उभी आहेत. गावकुसाबाहेरची. त्यांना आत घेतलेलं नाही. त्यातला एकजण नारायणगावकडचा तमासगीर आहे. पावसाळ्यात फड बंद असतात, दसऱ्यापर्यंत त्याला घरी बसायचं असतं. एरवी ज्या गळ्यानं तो हजारोंची जत्रा धरतो, तोच गळा इथे देवळाच्या बाहेर भिजतो आहे.

आतले सगळे तो आवाज ऐकतात. त्याच्या सुरावर आपला सूर लावतात. आणि दार तसंच राहतं. पंढरपूरचं देऊळ साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये सगळ्यांना उघडेल, ते वर्ष अजून यायचं आहे. तुमचे हात टाळावर थांबलेत. मला कळतं. ज्या संतांच्या मेळ्यात चोखोबा आहेत त्यांचे अभंग गाणाऱ्या रांगेनं चोखोबांच्या माणसांना पावसात उभं ठेवावं, ही या रात्रीतली लाजिरवाणी गोष्ट आहे आणि नव्वद वर्षं मागे आलो म्हणून ती कमी लाजिरवाणी होत नाही. शेजारचं पोरही बाहेर बघतंय. ते काही बोलत नाही. फक्त पुढच्या धृपदाला ते दाराकडे तोंड करून गातं.

नामगजर होतो, आरती होते, बुक्का कपाळाला लागतो, गर्दी पांगते. पण वीणा उभीच आहे. जागराला मोजकी माणसं उरतात. मुंबईकर भिंतीला टेकून बसतात आणि गाथ्याची वही काढतात. तिच्या कडा तेलकट आहेत आणि कागद जाड, खरखरीत, हातानं केलेला. जुन्या जुन्नरी कागदाची वही, आजोबांनी उतरवून घेतलेली. मध्येच पहारेकरी तुमच्यासमोर येतो. डोळे तारवटलेले. तो वाकतो, तुमच्या पायाला हात लावतो आणि तुम्ही नको म्हणायच्या आत वीणा तुमच्या गळ्यात घालतो.

“दिवस उजाडोस्तवर,” तो सांगतो. “खाली टेकवायची न्हाई. झोप आली तर चालत ऱ्हावा.”

चाला. दांडीचा भार खांद्यावर घ्या, भोपळा बरगडीला लागू द्या. तार छेडलीत की ती तुमच्या हाडातून वाजते. मान अवघडते, पोटऱ्या दुखतात, गॅसबत्ती एकदा विझते आणि अंधारात वास उरतो रॉकेलचा, ओल्या फुलांचा. तुम्ही चालता. मुंबईकर हळू आवाजात गातात, चाळीतल्या शेजाऱ्यांना त्रास होऊ नये अशी सवय त्यांना लागलेली आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर गुणगुणता. पहाटेच्या सुमाराला तुमच्या ध्यानात येतं की अर्धा तास झाला, तुम्ही शब्दांचा विचार केलेला नाही.

आणि मग गाव जागं होतं. आधी एका घरातून जात्याची घरघर येते. मग दुसऱ्या, मग पलीकडच्या आळीतून. त्या घरघरीवर बायकांचा आवाज. रात्री ज्या एका बाजूला पदर सावरून बसल्या होत्या, ज्यांच्या हाती कोणी टाळ दिला नाही, त्या इथे आपल्या उंबऱ्याच्या आत मोकळ्या गळ्यानं गात आहेत. एकीनं ओवी टाकावी, जात्याच्या खुंट्याला समोरून धरलेल्या जावेनं ती उचलावी. पंढरीचा राया त्यांच्या ओवीत भाऊ होऊन येतो, कधी बाप होऊन. रात्रीच्या कीर्तनाला गाव जमलं होतं, हे गाणं मात्र दर पहाटेचं, कोणी न बोलावता चालणारं. देवळातून काकडा सुरू होतो आणि काही क्षण दोन्ही ऐकू येतात, आतले टाळ आणि बाहेरची जाती, आणि त्यांचा ठेका एकमेकांशी मुळीच जुळत नाही. तरी कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या गळ्यातून वीणा कोणीतरी काढून घेतो. बोटं वाकडी झालीत, ती सरळ करत बसू नका, आज काला आहे.

काल्याचं कीर्तन दिवसाउजेडी असतं. पाऊस उघडला आहे आणि ऊन असं कडक पडलंय की अंगणातल्या चिखलातून वाफ निघते. महाराज कृष्णाच्या खोड्या सांगतात, पोरं खिदळतात, काल रात्री गंभीर चेहऱ्यानं चाल धरणारी आळंदीची मंडळी आज हुतूतू खेळावं तशी एकमेकांच्या अंगावर पडताहेत. फुगड्या, पिंगा, मनोरे. दहीहंडी फुटते ती थेट तुमच्या डोक्यावर. लाह्या, दही, हिरव्या मिरचीचे तुकडे, सगळं कानामागून पाठीत उतरतं. बायका हसतात. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं दुसऱ्याच्या तोंडात घालायचं, हा काला. कोणाच्या हातचं, ते विचारायचं नाही, असा नियम आहे. काल रात्रीचा भिंतीपलीकडचा माणूस अजून बाहेरच उभा आहे. तुमच्या ओंजळीत काला आहे. शेजारच्या पोराची ओंजळही भरलेली आहे आणि ते तुमच्याकडे बघतंय. जा, दोघं मिळून जा. कोणी काही म्हणालं तर म्हणू दे.

त्यानं तोंड पुढे केलं. पाराच्या ओट्यावर बसलेले दोघंतिघं कुरबुरले, महाराजांनी मान वळवून बघितलं आणि बोलले नाहीत, आणि तेवढ्यात पखवाजावर शेवटचा गजर चढला.

तिकडे चुलाणांवर आमटीच्या कढया उकळत आहेत. घराघरातून टोपल्या आल्या, प्रत्येक घराच्या भाकरीची जाडी वेगळी. गुळाच्या लापशीचा वास अंगणभर सुटलाय, पळसाच्या पत्रावळी मांडल्या जाताहेत. महाराज मात्र जेवणार नाहीत. ते गाडीत बसतात, पुढच्या गावी आज रात्री कीर्तन आहे. आळंदीची पोरं गाडीच्या मागे पायी निघतात. लहानग्यानं तुमच्याकडून टाळ परत घेतलाय, दोरी गळ्यात अडकवलीय.

मांडवीच्या उतारावर गाडीचं चाक रुतलं. बैलांनी माना टाकल्या, गाडीवान ओरडतोय, चाक आसापर्यंत चिखलात. पंगतीला बसलेली माणसं उठून धावली. कुणबी, सुतार, मुंबईकर, आंबेगावची मंडळी, सगळ्यांनी खांदे लावले. प्रत्येकजण आपापल्या वेळी जोर लावतोय आणि गाडी हलत नाही. तेव्हा ते पोर चाकावर एक पाय ठेवून उभं राहिलं आणि त्यानं कालचं धृपद उचललं. माणसांनी ते घेतलं. पारापलीकडचा तो तमासगीरही उतारावरून खाली आला, तुमच्या शेजारी चाकाला भिडला, आणि धृपदाच्या टोकाला त्याचा तो स्वर लागला तेव्हा सगळ्यांनी एकदम रेटा दिला. चिखल फचकन सुटला, बैल उसळले, गाडी पाणी उडवत पलीकडच्या काठाला लागली.

“पाव्हणं,” मागून कोणीतरी हाक मारतं, “चला, पान मांडलंय तुमचं. आन् त्याला बी संगं घ्या.”